सुराखालची जमीन

खो-खोच्या सरावाआधी आम्ही ओळीत वाकून खडे वेचायचो. मग पाणी मारायचं, माती दबली की फक्कीनं मैदान आखायचं. तरी एखादा खडा राहायचाच आणि तो नेमका सूर मारणाऱ्याच्या कोपरात घुसायचा. पुण्याजवळच्या वाकडला तेव्हा शेतं होती, आणि फुटलेल्या कोपराला घरची हळद.

खांबावरचा सूर जवळून पाहावा. धावत आलेला गडी एका हातानं खांब धरतो, अंग झोकून देतो आणि दुसऱ्या हाताची बोटं पळणाऱ्याच्या टाचेकडे ताणतो. पाय हवेत, छाती जमिनीपासून वीतभर. टाचेला बोट लागेपर्यंत त्याला जमीन आठवत नाही.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांत बसवायला सुरुवात केली. खांब किती उंच, किती जाड, कसा गुळगुळीत, हे पुढे ठरत गेलं. मैदान मात्र दीर्घकाळ मातीचंच राहिलं.

बेसबॉलमध्येही धावणारा असाच अंग टाकून घसरत बेस गाठतो. तिथली चिंता मात्र वेगळी, कारण घसरणारा समोरच्याला आडवा करतो. १० ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या डॉजर्स संघाचा चेस अटली दुसऱ्या बेसवर घसरत येऊन मेट्स संघाच्या रुबेन तेहादाला धडकला आणि तेहादाचा पाय मोडला. २०१६ मध्ये नियम आला: घसरणं खरोखर बेस गाठण्यासाठीच हवं, समोरच्याला पाडायला वाट वाकडी केली तर धावणाऱ्यासोबत फटका मारणाराही बाद. त्याआधी, २०११ मध्ये अशाच धडकेत कॅचर बस्टर पोसीचा पाय मोडल्यावर, २०१४ साली होम प्लेटवरच्या धडकांना लगाम घातला गेला होता.

आपल्याकडे सुराला लगाम नाही, उलट बक्षीस मिळालं. १४ ऑगस्ट २०२२ ला वाकडहून मुळा नदीपलीकडे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. आकाशीय सूर मारून, म्हणजे हवेत झेपावून, किंवा खांबावर गडी टिपला की एक गुण जादा! ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणानं हरवलं. एका सुराची किंमत यापेक्षा स्पष्ट कशी दिसावी? पण ते सूर मॅटवर पडत होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या भारतीय संघांच्या महाराष्ट्रातल्याच कर्णधारांनी खो-खोचे पहिले विश्वचषक उंचावले, तेही मॅटवरच.

मॅट म्हणजे सगळं क्षेम नव्हे. तिथं कातडी घासते, आणि बूट पकडून राहिला तर वळताना गुडघा पिळतो. तरी खड्यानं फुटलेल्या हनुवटीपेक्षा ते बरं.

बेसबॉलनं आपला खेळाडू नियम बदलून सांभाळला. खो-खोत सूर मारणाऱ्याला दुखापत होते ती बहुधा प्रतिस्पर्ध्यामुळे नव्हे, जमिनीमुळे. म्हणून आपला सुरक्षेचा नियम पंचाच्या शिट्टीत नाही, मैदानात आहे. टीव्हीवरचा आकाशीय सूर पाहून आज वाकडची पोरं मुरमावर आणि सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर अंग झोकतात. शाळांनो, सोसायट्यांनो, मॅट जमेल तेव्हा घ्या. तोवर पोरांना मातीचा एक तुकडा द्या, त्यावर पाणी मारा आणि खडे वेचल्याशिवाय कुणाला सूर मारू देऊ नका.