गाणं आलं, नावं गळाली

चार मिनिटांचं गाणं सीडीवर सुमारे ४२ मेगाबाइट जागा घेतं. १९९९-२००० च्या सुमारास पुण्या-मुंबईतल्या घरांत फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, तेव्हा मोडेमवर ५६ के लिहिलेलं असलं तरी सेकंदाला ४० किलोबिट मिळाले म्हणजे चंगळ. या वेगानं सीडीवरचं एक गाणं घरी उतरवायचं तर सव्वादोन तासांच्या वर वेळ गेला असता. तेवढा वेळ घरचा फोन एंगेज आणि महिनाअखेरीस बिल वेगळंच. तेच गाणं एमपीथ्रीच्या रूपात ३.८ मेगाबाइटचं व्हायचं आणि तेरा मिनिटांत उतरायचं. तेरा मिनिटं कुणीही थांबतो. मध्येच आत्याचा फोन आला किंवा आतल्या खोलीतला रिसीव्हर कुणी उचलला, तर कनेक्शन तुटायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणून तर गेटराइट, फ्लॅशगेट असले डाउनलोड मॅनेजर घरोघरी झाले. फाइल जिथं तुटली तिथून पुढं उतरवण्याची सोय त्यांच्यात होती.

४२ चे ३.८ झाले ते जर्मनीत. एरलांगेनमधले प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना टेलिफोनच्या डिजिटल तारेवरून संगीत पाठवायचं होतं. पेटंट तपासणाऱ्यानं हे अशक्य आहे म्हणून अर्ज अडवला, तेव्हा त्यांनी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला त्या कामाला लावलं. पुढं फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींसह ब्रांडेनबुर्ग यांनी जी पद्धत बसवली तिचा पाया कानाच्या मर्यादेत आहे. मैफलीत तबल्यावर खणखणीत थाप पडते तेव्हा त्याच पट्टीतले आसपासचे बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. थाप सरल्यावरही काही मिलिसेकंद कान त्यांना दाद देत नाही. जे ऐकूच येणार नाही ते जपून ठेवायचं कशाला? ते अगदी ढोबळ लिहायचं किंवा गाळून टाकायचं. १९९२ मध्ये हे प्रमाण ठरलं आणि जुलै १९९५ मध्ये फाइलच्या शेवटी ‘.एमपीथ्री’ लावायचं पक्कं झालं. सुझान व्हेगा यांच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यात कुठलंही वाद्य नाही, एकटा आवाज आहे. त्या उघड्या आवाजाची सुरुवातीला या पद्धतीनं दुर्दशा केली होती, म्हणून ब्रांडेनबुर्ग तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून सुधारणा करत राहिले.

आपल्या संगीतात या पद्धतीची खरी परीक्षा तबला घेतो. एमपीथ्री करताना आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात आणि ढोबळपणामुळे आलेली चूक त्या सबंध तुकड्यावर पसरते. तुकड्याच्या मध्यावर थाप असेल तर तिच्याआधीच्या शांततेतही थोडी फुसफुस उमटते. जर्मन मंडळींना हा दोष कॅस्टनेट्सच्या टकटकीत सापडला आणि त्यांनी त्यावर तोडही काढली, पण जागा वाचवायला ६४ किलोबिटवर बनवलेल्या त्या काळच्या फाइली ऐका. चाटीवरचा ‘ना’ कडा झिजल्यासारखा येतो. तानपुऱ्याच्या जवारीची वरची झळाळी तर आधीच कापलेली असते. हे सांगितलं पाहिजे, कारण आमच्या पिढीनं बरंच शास्त्रीय संगीत पहिल्यांदा याच अवस्थेत ऐकलं आणि तसंच मनात साठवलं.

तरीही आवाजाचं जे नुकसान झालं ते जाणत्यांनी विचार करून केलं होतं. गाण्याच्या नावागावाचं जे झालं त्याचा कुणी विचारच केला नव्हता, आणि मला ते नुकसान जास्त मोठं वाटतं.

जून १९९९ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग या मुलानं नॅपस्टर लोकांपुढं आणलं. नॅपस्टरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकही गाणं नसे. कुणाकडं कोणती फाइल आहे याची फक्त यादी तिथं असे आणि गाणं थेट एका घरातून दुसऱ्या घरात जाई. शोधाच्या खिडकीत शब्द टाकला की ओळी उमटत: फाइलचं नाव, आकार, किती किलोबिटची, ज्याच्याकडं आहे त्याचं टोपणनाव आणि त्याची लाइन कसली. आपल्यासारखाच ५६ के वाला दिसला की त्याला सोडून केबल किंवा टी-वन अशा वेगवान लाइनवाला गाठायचा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलांना कॅम्पसचं वेगवान नेटवर्क आयतं मिळालेलं होतं, त्यांची तर चैन होती. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्या टोपणनावावर क्लिक करून त्या माणसाचा सगळा संग्रह उघडून पाहता येई. दुकानात ज्याची मागणी नाही म्हणून कंपनीनं छापणं बंद केलेलं रेकॉर्डिंग कुणा अनोळखी माणसानं कॅसेटवरून उतरवून ठेवलेलं असायचं. २००१ च्या फेब्रुवारीत नॅपस्टर वापरणारे अडीच कोटींच्या वर होते.

पण यादी फक्त फाइलीचं नाव वाचत होती. ते नाव घरी बसून ज्यानं टाइप केलं ते खरं. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे बॉबी मॅकफेरिन यांचं १९८८ चं गाणं जगभर बॉब मार्ली यांच्या नावावर फिरलं. मार्ली १९८१ मध्येच गेले होते. ती चूक आजही ऐकू येते. आपल्याकडं तर स्पेलिंगचाच गोंधळ. फडके हे आडनाव कुणी ‘पी-एच’नं लिहिलेलं, कुणी ‘एफ’नं. भीमसेनमधला ‘भी’ एका ‘आय’चा की दोन ‘ई’चा? गीतरामायणाची छप्पन्न गाणी हवी असतील तर एकेक गाणं चार स्पेलिंगांनी शोधावं लागे, आणि मिळालेल्या फाइलीचं नाव ‘ट्रॅक ०७’ असलं तर ती कुणाच्याच शोधात येत नसे.

फाइलीच्या आत नाव लिहायची सोय १९९६ मध्ये आली. एमपीथ्रीच्या शेपटीला १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची, तिला आयडीथ्री टॅग म्हणत. तिच्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला एक आकडा. संगीतकाराला जागा नाही. गीतकाराला जागा नाही. प्रकारांची यादी ऐंशी नावांची होती. तिच्यात पोल्का होता, पण ख्याल, नाट्यगीत, भावगीत, लावणी यांपैकी काही नव्हतं. आपलं सगळं ‘एथनिक’ किंवा ‘अदर’मध्ये ढकलायचं.

‘राम श्याम गुणगान’चं उदाहरण घ्या. पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांनी एकत्र गायलेली ती भजनं. ‘पंडित’सकट दोघांची नावं रोमन लिपीत पूर्ण लिहिली तर तीस अक्षरांत बसत नाहीत, शेवटी ‘मंगेशकर’ अर्ध्यात तुटतं. संगीत श्रीनिवास खळे यांचं आणि शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे, त्यांना तर त्या चिठ्ठीत रकानाच नाही. ज्या चालींसाठी हे दोन थोर गळे एकत्र आले, त्या चाली करणारा माणूस फाइलीतून नाहीसा झाला. आकाशवाणीवर भावगीत लागायचं तेव्हा निवेदक कवी, संगीतकार आणि गायक अशी तिघांची नावं सांगायचा. गाणं कुणाचं, या प्रश्नाला मराठी श्रोता तीन उत्तरं शिकूनच मोठा झाला. डाउनलोडवर वाढलेल्या मुलांकडं एकच उत्तर उरलं, गायकाचं. आणि तेही पुष्कळदा चुकीचं.

या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीचे लोक जास्त हुशार निघाले. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कोलकात्याला आले तेव्हा ध्वनिमुद्रणं जर्मनीत हानोव्हरला जाऊन छापली जात. तिथल्या माणसांना इथले गाणारे कसे ओळखू यावेत? म्हणून गाणं संपलं की गायिका गौहर जान स्वतःच आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगत. नाव आवाजातच कोरलं गेल्यामुळं तबकडीवरचं लेबल फाटलं तरी ते राहिलं. संग्राहकांनी त्या तबकड्या एमपीथ्रीत उतरवल्या तेव्हा फाइलीला कुणी काहीही नाव दिलं, तरी शेवटचे दोन सेकंद गौहर जान आपली ओळख देतातच. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून मुंबईत आहे. असल्या मंडळींनी लेबल, क्रमांक, साल जुळवण्यात आयुष्यं घातली. ते काम फाइलीबरोबर प्रवास करू शकलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पुढं नावाला एकदम महत्त्व आलं ते कोर्टात. डिसेंबर १९९९ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी नॅपस्टरवर खटला भरला, पाठोपाठ २००० च्या एप्रिलमध्ये मेटॅलिका या बँडनं. मार्च २००१ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी सांगितलं, कंपन्यांनी गाण्यांची आणि फाइलींची नावं द्यावीत, नॅपस्टरनं ती अडवावीत. झालं! लोकांनी नावं मुद्दाम बिघडवायला सुरुवात केली. अक्षरं उलटी-सुलटी केली, मधली गाळली, जास्तीची घुसवली. गाणं तेच, पण यादीला सापडू नये असं लिहिलेलं. आधी अज्ञानानं झालेला गोंधळ आता जाणूनबुजून वाढला. जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं आणि त्या बिघडलेल्या नावांच्या फाइली काझा आणि तसल्या सेवांवर गेल्या, तिथून सायबर कॅफेत, तिथून फूटपाथवरच्या ‘दीडशे गाणी एका सीडीत’ म्हणणाऱ्या चकत्यांवर. मुळात पैसे न देता घेतलेल्या गाण्याचा कर्ता कोण, हे विचारायचं कुणाला सुचणार? कलाकारांचे पैसे बुडाले हे खरंच, त्याची चर्चा भरपूर झाली. नाव बुडालं त्याची झाली नाही.

२८ एप्रिल २००३ ला ॲपलनं ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी गेली. भारतात ते दुकान यायला डिसेंबर २०१२ उजाडला. मधली वर्षं आपण आपल्याच सोयी केल्या. बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजत नसत, तर दोनचा गजर लावून लोक कॉम्प्युटर चालू करत. अशा रात्रींची साठवण आजही कित्येक घरांत जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे.

ती काढा. टॅगची नवी आवृत्ती १९९८ पासूनच आहे. तिच्यात संगीतकाराचा रकाना आहे, गीतकाराचा आहे, अक्षरांची ती मर्यादा नाही आणि देवनागरीही चालते. ‘एमपीथ्री टॅग’ नावाचा प्रोग्रॅम विंडोजवर फुकट मिळतो. एका वेळी एक अल्बम घ्या. ‘आर्टिस्ट’मध्ये जे लिहिलंय ते खरं आहे का ते कॅसेटच्या कव्हरवरून ताडून पाहा, आणि ‘कंपोजर’च्या रिकाम्या चौकटीत खळे लिहा.