कार्यकर्ता घडवण्याचा खर्च

रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ ची, कराड तालुक्यातल्या काले गावातली. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा विषय निघाला की आपल्याला वसतिगृहे आठवतात, ‘कमवा आणि शिका’ आठवते, वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने आठवतात. १९३५ सालची एक गोष्ट मात्र जयंतीच्या भाषणांत फारशी येत नाही. त्या वर्षी संस्थेने साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यातल्या शाळेला लागणारा शिक्षक खेड्यातल्याच मुलांतून तयार करायचा, हा त्यामागचा विचार. संस्थेचे साताऱ्यातले महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले १९४० साली आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली. हायस्कूल आणि कॉलेज नंतर, शिक्षक घडवणे आधी, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. बहुजनांच्या शिक्षणासाठी नुसती तळमळ पुरत नाही, ती पुढे नेणारी माणसे पद्धतशीरपणे तयार करावी लागतात आणि त्याला पैसा लागतो, हे कर्मवीरांनी ओळखले होते.

त्याआधी पुण्यात १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची प्रथा पाडली होती. तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे संस्थेत शिकवायचे, असे ते व्रत होते आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते पाळले. रयतमध्येही आजीव सेवकांची परंपरा रुजली. तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण आज तोच त्याग आपण कुणाकडून मागतो? तालुक्याच्या गावी मानधनावर काम करणाऱ्या, घरातली पहिली पदवीधर असलेल्या मुलीकडून. वंचित मुलांना समान संधी मिळावी म्हणून राबणारी ही ताई स्वतः भविष्य निर्वाह निधीविना आणि पुढच्या वर्षीच्या कामाच्या खात्रीविना जगत असेल, तर विषमता संस्थेच्या दारातच बसलेली आहे.

डहाणूच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेले काम या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, म्हणून या दोघींनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बिया, पाने, खडे, शिंपले हेच मोजणीचे आणि रंगांचे साहित्य झाले. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. एवढा इतिहास आपण सांगतो. पण कोसबाडला बालवाड्या चालवणाऱ्या बायकांचे प्रशिक्षणही होत होते आणि माझ्या मते त्या कामाचा कणा तोच होता. एका टेकडीवरचे काम एवढे दूर पोहोचले ते प्रशिक्षणामुळे, कारण शिकून गेलेली बाई आपल्या गावात ती पद्धत रुजवू शकत होती. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके, १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत, काम चालवले. इतकी वर्षे शेजारी राहून तयार झालेली दुसरी फळी फार थोड्या संस्थांच्या नशिबी येते.

‘प्रथम’ या संस्थेची सुरुवात त्यानंतरची, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी युनिसेफच्या मदतीने बालवाड्या उभ्या केल्या, त्या वस्तीतल्याच तरुण मुलींच्या बळावर. देवळाचा ओटा, मंडळाची खोली, कुणाचे तरी घर, मिळेल तिथे वर्ग भरले. पुढे बालसखी आली. मागे पडलेल्या मुलांना बाजूला घेऊन, त्यांना जिथवर येते तिथून शिकवायला सुरुवात करणारी ही वस्तीतलीच मुलगी. मुंबई आणि बडोद्यात बालसखीच्या कामाचा शास्त्रीय अभ्यास झाला. त्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी आहेत. नोबेलचा गौरव आपण करतो, तो योग्यच. पण त्या मुलीला कुणीतरी शिकवले होते, कुणी तिच्या वर्गात येऊन बसत होते आणि कुणी तिच्या नोंदी तपासत होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी हे त्याच विचाराचे दुसरे रूप. २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासले जाते. जिल्ह्यातल्या ३० गावांत, प्रत्येक गावातल्या २० घरांत जाणारे तरुण स्थानिक महाविद्यालये आणि संस्था पुरवतात. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्के झाले. सुधारणा खरी आहे आणि मोठी आहे. तरीही शंभरातली सत्तरहून अधिक मुले मागेच आहेत. इतक्या मुलांपर्यंत एकट्या मोठ्या संस्थेला पोहोचता येणार नाही. तालुक्यातालुक्यात समर्थ लहान संस्था लागतील.

आणि इथेच पैशाची घडी बसत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. या तरतुदीमुळे शिक्षणाकडे पूर्वी कधी नव्हता एवढा पैसा वळला. पण कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो आणि कंपन्या आहेत मुंबई-पुणे पट्ट्यात. विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेले ‘आकांक्षित जिल्हे’ महाराष्ट्रात चार, नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली. तिथे कारखान्यांची रांग नाही. शिवाय बहुवर्षीय प्रकल्पालासुद्धा सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा आहे. पहिलीत आलेले, पावरी ही आदिवासी बोली बोलणारे मूल मराठीत नीट वाचू लागेपर्यंत प्रकल्पाचा शेवटचा हप्ता येऊन गेलेला असतो.

त्याहून नुकसान करणारी आहे ती देणगीदारांची सवय. वह्या, दप्तरे, टॅब यांना पैसे मिळतात, कारण त्यांचा फोटो निघतो. हिशेबनिसाच्या पगाराला, कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला, कार्यालयाच्या भाड्याला मिळत नाहीत. प्रपोजलमध्ये हा खर्च दिसला की पहिली कात्री तिथेच लागते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेने परदेशी निधीतून दुर्गम भागातल्या लहान संस्थेला हात द्यावा, ही वाटच बंद झाली. पैशावर देखरेख हवी, याबद्दल माझा वाद नाही. पण लहान संस्थेला उभे राहण्याचा खर्चच कुणी देणार नसेल, तर काम करणाऱ्यांचे बळ वाढणार कसे?

कागदपत्रांचा व्याप याच्या जोडीला आहे. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, दरवर्षी ऑडिट, देणगीदारागणिक वेगळ्या नमुन्यातला अहवाल आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट, शिवाय प्राप्तिकराच्या नोंदणीचे मुदतीने नूतनीकरण. लहान न्यासांसाठी ही मुदत २०२५ मध्ये पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली, ही चांगली गोष्ट. तरी अनेक ठिकाणी हे सगळे तीच ताई करते, जिने सकाळी पाड्यावर वर्ग घेतलेला असतो. एका तालुक्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक जाणता हिशेबनीस ठेवला तर तिचे किती तास वर्गाला परत मिळतील! असे सामाईक कार्यालय उभे करायला निधी देणारे मला आजवर फार थोडे भेटले.

वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना बळ देते, तेही आदिवासी मुलांच्या भाषेचा नीट अभ्यास करून. ‘डोअर स्टेप स्कूल’ १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात फुटपाथवरच्या आणि बांधकामांवरच्या मुलांपर्यंत पोहोचत आली आहे. या कामांत शिकवण्याची पद्धत हळूहळू पक्की होत गेली, ती शिकलेली माणसे टिकली म्हणून. शिकवलेला कार्यकर्ता दर दोन वर्षांनी बदलला तर तीच उजळणी पुन्हा करावी लागते आणि ती वर्षे मुलांच्या वाट्याची असतात.

दिवाळीत आपल्यापैकी अनेकजण एखाद्या शाळेला किंवा संस्थेला देणगी देतात. मोठ्या कंपन्यांचे नियम आपल्यावर नाहीत. देण्याआधी संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागावा, जमले तर एक दिवस वर्गात जाऊन बसावे. विश्वास वाटला की वस्तू न देता पैसे द्यावेत, तीन-चार वर्षे देण्याचे आधीच कळवावे आणि ही रक्कम सर्वसाधारण निधीसाठी आहे, असे सोबत लिहून द्यावे. एप्रिल-मेमध्ये जुना प्रकल्प संपलेला असतो आणि नव्याचा हप्ता आलेला नसतो, तेव्हा ताईचे मानधन याच पैशातून निघते आणि जूनमध्ये शाळा उघडताना ती पाड्यावर असते.