मंडईच्या दुसऱ्या दिवशी

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन येतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याची ही आठवण. मोठ्या शहरांतून त्या दिवशी नटराजाची पूजा होते, परिसंवाद होतात, प्रेक्षक नाटकाला का येत नाही यावर जाणकार बोलतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात बहुधा याच सुमाराला मंडया चालू असतात. रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटे पाचला संपते आणि हजारभर माणसे तणशीवरून उठून, अंगावरचे कूस झाडत घरी जातात. प्रेक्षक का येत नाही हा प्रश्न इथे कोणी विचारलेला मी ऐकला नाही. इथे विचारतात, ‘कालचा नाटक कसा होता जी?’

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. मी शिक्षणाने बारावी, पोटापाण्याला राइस मिलमध्ये मुनीम. धानाच्या कट्ट्यांचा हिशेब लिहिता लिहिता एक सवय लागली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी माणसे नाटकाबद्दल, पडद्याबद्दल, दंडारीबद्दल काय बोलतात ते वहीत उतरवून ठेवायचे. अशा वह्या आता बऱ्याच साठल्या आहेत. कलेविषयीची सार्वजनिक चर्चा म्हणून जे काही आपण शोधत असतो, ते मला या वह्यांत सापडले.

आधी मंडई म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण पुण्याच्या वाचकाला मंडई म्हटले की भाजी आठवेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून झाडीपट्टी होते. (गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ ला; त्याआधी आम्ही भंडाऱ्याचेच.) इथे दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपला एक दिवस धरते आणि त्या दिवशी गावात जत्रा भरवते. शेजारच्या दोन गावांच्या मंडया एका दिवशी येऊ नयेत हे पाहिले जाते, कारण पाहुणे तेच असतात. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, उपवर मुलामुलींकडे हळूच पाहून घेतले जाते. तळ्यातले शिंगाडे, ऊस, जिलेबी, बांगड्या यांची दुकाने लागतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. म्हणजे हातात थोडा पैसा आणि थोडी सवड, दोन्ही असते. गोवारी बांधव डफरीच्या तालावर आपली ढाल घेऊन नाचत येतात. ही ढाल लढाईतली नव्हे; उंच बांबूला रंगीत कापड आणि मोरपिसे बांधून सजवलेली ती देवता आहे. दुपारी दंडार किंवा खडी गंमत, आणि रात्री नाटक.

हे नाटक एकट्या नाटक कंपनीचे नसते, ते गावाचेही असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गाव गोंदिया-चांदा फोर्ट रेल्वेमार्गावर आहे. तिथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीने आहेत. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तारीख घेते, विसार देते. मग गावात तिकिटे खपवायची, मंच उभारायचा, कलाकारांचे जेवण पाहायचे. खर्च वजा जाता उरले तर ते देवळाला, शाळेला, एखाद्या विहिरीला लागते. तूट आली तर मंडळाची पोरे पदरचे घालतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हे चालते. कलाकार रोज नव्या गावी, कधी रोज नव्या नाटकात असतात. तालमी फार होत नाहीत, म्हणून प्रॉम्प्टर हा माणूस इथे नायकाइतकाच महत्त्वाचा. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका होत्या. शहरातल्या नटाला हे आकडे खोटे वाटतील. झाडीपट्टीचा हंगाम पाहिलेल्याला वाटणार नाहीत.

आता चर्चेकडे. ती प्रयोगाच्या आधीच सुरू होते, आणि तिचा पहिला विषय असतो जमीन. आमच्या गावी कापणी झालेल्या बांधीत मंच घालतात. समोरची जागा उतरती खोदायची, आणि निघालेली माती पुढे टाकून तिचाच मंच करायचा. एका खोदकामात दोन कामे होतात: मागच्याला पुढच्याचे डोके आड येत नाही, आणि खड्ड्यात बसलेल्यांच्या डोक्यावरून थंड वारा निघून जातो. खाली तणीस अंथरली की रात्र निभते. खड्डा किती खोल, मंचाचे तोंड कुठे, बायांची बाजू कोणती, यावर मी दोन दोन तास भांडणे ऐकली आहेत. ज्याची बांधी तो म्हणतो, वरची काळी माती खाली गाडू नका, पुढल्या साली धान येणार नाही. वास्तुरचनेच्या महाविद्यालयात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे याला मंडळाची बैठक म्हणतात.

मग पडदे. पूर्वी मंडळांचे स्वतःचे रंगवलेले पडदे असत: महाल, रस्ता, गरिबाचे घर आणि जंगल. आमच्या मंडळाने एकदा बाहेरच्या रंगाऱ्याकडून नवा जंगलाचा पडदा करून घेतला. त्याने सुंदर काम केले, पण झाडे काढली ती नारळीसारखी, वाऱ्यावर डुलणारी. पहिल्या अंकात पडदा उघडताच मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, ‘हा झाड कोन्या जंगलातला जी?’ सगळा खड्डा हसला. रामाच्या वनवासाचा प्रसंग तिथेच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, राम काही नागझिऱ्यात आला नव्हता, दंडकारण्यात कुठलेही झाड असेल. दुसरा म्हणे, दंडकारण्य म्हणजे हेच. इथे मोह, साज, तेंदू पाहिजे. पडद्यावरचे चित्र खरे असावे की शोभिवंत, हा वाद मी नंतर पुस्तकांत फार अवघड शब्दांत वाचला. आमच्याकडे त्याचा निकाल लागला: पुढच्या वर्षी गावातल्याच एका पोराने नारळींवर मोह रंगवला. तो ओबडधोबड होता. हसले कोणी नाही. त्या पडद्याचे पुढे काय झाले म्हणाल, तर अवकाळी पाऊस आला तेव्हा तो धानाच्या ढिगावर टाकला गेला आणि तिथेच कुजला.

नटाच्या कामाविषयीची बोलणी तर अधिक नेमकी असतात. ‘बाई तोंडानं रडत होती, डोऱ्यानं नाई.’ डोरा म्हणजे डोळा. हे वाक्य निंदायला गेलेल्या एका बाईचे आहे, आणि अभिनयावर मी वाचलेल्या बहुतेक मजकुराहून ते मला थोडक्यात अधिक सांगते. ‘रडू आला, पन झोप नाई आली’ ही वरच्या दर्जाची पावती. सात तासांच्या प्रयोगात झोप न येऊ देणे सोपे नाही. मागपर्यंत आवाज गेला का, गाणे प्रसंगातून आले की मध्येच घुसवले, विनोद लेकीबाळींसमोर ऐकण्यासारखा होता का, हे सगळे दुसऱ्या दिवशी निघते. आणि ते वाऱ्यावर जात नाही. पुढच्या वर्षी मंडळ वडशाला जाते तेव्हा तीच बोलणी बरोबर नेते: अमका नट असेल तरच तारीख देतो, तमके नाटक नको. तिकीट काढलेल्याचे मत असे थेट कचेरीत पोचते.

जिल्हाभर एकच रंग आहे असे मात्र नाही. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी ही नाटकाची घट्ट वस्ती. तिरोडा, गोंदियाकडे पोवारी आणि हिंदी कानावर जास्त येते; सालेकसा, देवरीच्या सीमेकडे छत्तीसगढी नाचाचा वारा लागतो. शंकरपटाचेही सांगितले पाहिजे. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करण्याची मुभा मिळाली. मधल्या वर्षांत पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांची निमित्ते गेली. बैलांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. त्या रात्रींविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

आता जे सांगायचे ते मी आतापर्यंत टाळत आलो. नव्वदीच्या सुरुवातीला मीही मंडळात होतो. आमच्या गावाची स्वतःची दंडार होती. दंडार म्हणजे पडदा नाही, तिकीट नाही, पुरुषच लुगडे नेसून बाईचे काम करतात, ढोलकी-झांजेवर नाचत-गात प्रसंग उभा करतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर या दंडारीचाही अभ्यास केला, म्हणून आज तिच्याविषयी काही बोलता येते. तोवर गावात दंडार रात्रभर चाले. आम्ही पोरांनी ठराव आणला की रात्र नाटकाला द्यावी, दंडार दुपारी करावी. मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी बोललो, आणि चांगले बोललो. दंडारीला उत्पन्न नाही, नाटकाच्या पैशातून शाळेची भिंत होईल, असा हिशेब मांडला. हिशेब बरोबर होता. भिंत झाली, अजून उभी आहे.

दंडारीचे म्होरके एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी विरोध केला नाही. एवढेच म्हणाले, ‘दुपारी डोऱ्यात काजर दिसत नाई.’ त्या वेळी आम्हाला ते हट्टी वाटले. आज कळते की तो प्रकाशयोजनेचा मुद्दा होता. टेंभ्याच्या, पुढे गॅसबत्तीच्या उजेडात पुरुषाच्या चेहऱ्यावरची रंगवलेली बाई खरी वाटे. दुपारच्या उन्हात फक्त मिशी काढलेला शेजारी दिसे. लोक हसू लागले, बाईचे काम करायला पोरे लाजू लागली. पाच-सहा वर्षे दुपारची दंडार रडतखडत झाली, मग बंद पडली. कोणी बंदीचा ठराव केला नाही. फक्त वेळ बदलली.

काही वर्षांमागे मी एका चर्चासत्राला गेलो होतो. कुठले ते राहू द्या. लोककला वाचवण्यावर दिवसभर निबंध वाचले गेले. जेवणानंतर, दुपारी अडीचला, नळीदिव्याखाली पंधरा मिनिटे दंडार दाखवली. बाजूचे प्राध्यापक म्हणाले, रंगत नाही हो आता. मी त्यांना काजळाचे सांगायला हवे होते. सांगितले नाही; माझाच हिशेब आठवला.

नाटकाविरुद्ध माझी तक्रार नाही. आजही मी खड्ड्यात बसून पाच वाजेपर्यंत पाहतो. पण ज्या बोलण्याचे मी इथे कौतुक केले, त्याच बोलण्याने, त्याच पारावर, एक कला उन्हात नेऊन ठेवली, हेही वहीत लिहिलेले आहे.

या वर्षी पोळ्याच्या आसपास गावातली चार पोरे माझ्याकडे आली. म्होरक्यांनी सांगितलेली दंडारीची गाणी मी त्यांच्या अखेरच्या दिवसांत उतरवून घेतली होती, ती वही त्यांना हवी होती. मी दिली, आणि एकच विचारले, करणार कधी? नाटकाची रात्र ठरलेली आहे, विसार गेलेला आहे. त्यांच्यात तिथेच वाद सुरू झाला. एक म्हणाला, मंडईच्या आदल्या रात्री; पाहुणे तेव्हाच यायला लागतात. दुसरा म्हणाला, हॅलोजनमध्ये करू. तिसऱ्याने गॅसबत्ती कुठे मिळेल ते विचारले. बाईचे काम कोण करणार, यावर अजून कोणी बोललेले नाही. बैठक परवा आहे, त्याच पारावर. मला बोलावले आहे.