पागानी यांचा मोटार-कारखाना : लघुउत्पादनाचा एक विचार

यंत्रयुगात हाताने मोटार घडविण्याचा व्यवसाय टिकूच कसा शकतो, हा प्रश्न औद्योगिक अर्थशास्त्राच्या अभ्यासकास पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर बहुधा धनिकांच्या हौसेत शोधले जाते. हे कारण खोटे नव्हे, पण अपुरे आहे. धनिकांस हौस पूर्वीही होती. तथापि १९७३ च्या तेलसंकटानंतर मिलाननजीकचा इझो हा नामांकित कारखाना १९७४ साली बंद पडलाच. तेव्हा उत्तर गिऱ्हाइकाच्या खिशाबरोबरच उत्पादनाच्या पद्धतीतही शोधावयास हवे. त्या दृष्टीने मोदेना शहरानजीकचा ओरासिओ पागानी यांचा कारखाना उद्बोधक आहे.

पागानी यांचा जन्म १९५५ साली अर्जेंटिनातील कासिल्दा या गावी एका पाववाल्याच्या घरी झाला. १९८३ मध्ये ते इटलीत आले आणि लांबोर्गिनी कारखान्यात काम करू लागले. तेथे १९८७ साली त्यांनी कार्बन तंतूंचा मुबलक उपयोग केलेली एक प्रायोगिक मोटार सिद्ध केली. पुढील कामासाठी ऑटोक्लेव्ह घ्यावा, हा त्यांचा आग्रह मात्र मान्य झाला नाही. फेरारीकडे तो नाही, मग आपणांस कशाला, असे उत्तर मिळाल्याचे पागानी सांगत आले आहेत. अखेर त्यांनी कर्ज काढून स्वतःच तो घेतला आणि १९९१ साली ‘मोदेना डिझाइन’ ही संस्था काढली.

या कर्जाचे मर्म समजण्यासाठी ऑटोक्लेव्हचे कार्य पाहिले पाहिजे. राळेत भिजविलेले कार्बन तंतूंचे कापड कारागीर साच्यात थरावर थर हाताने बसवितो, प्रत्येक थरातील धाग्यांची दिशा राखतो. नंतर त्यावर पिशवी चढवून आतील हवा काढून घेतात आणि तो साचा ऑटोक्लेव्ह नामक बंद पात्रात दाबाखाली तापवितात. पोलादी पत्रा दाबून आकार देण्याचे ठसे अतिशय महाग असतात. तो खर्च लाखो मोटारींवर वाटला गेला तरच परवडतो. कार्बन तंतूंचा साचा त्या मानाने स्वस्त, मजुरी मात्र जबर. म्हणजे ज्या पद्धतीत प्रचंड उत्पादन न परवडावे, तीच पन्नास मोटारींना सोयीची ठरते. ‘हस्तनिर्मित’ म्हणताच आपल्याकडे हातमाग आठवतो. येथे मात्र हात जुना, द्रव्य अगदी नवे.

एंजिनाबाबत हे गणित लागू पडत नाही. बारा सिलिंडरांचे एंजिन स्वतः घडविणे अशा कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे. येथे अर्जेंटिनाचे विख्यात शर्यतपटू हुआन मानुएल फांजिओ यांनी मर्सिडीज कंपनीकडे घातलेला शब्द कामी आला. १९९५ साली फांजिओ निवर्तले. पहिली मोटार ‘झोंडा’ १९९९ मध्ये जिनेव्हा प्रदर्शनात आली, ती मर्सिडीजचे एंजिन घेऊनच. हे नाव अँडीज पर्वतावरून वाहणाऱ्या एका वाऱ्याचे आहे. २०११ ची ‘वाइरा’ आणि २०२२ ची ‘उटोपिया’ यांतही एंजिन त्याच घराण्याचे.

इझोदेखील अमेरिकन एंजिनांवर विसंबून होता, हे येथे ध्यानी घ्यावे. परावलंबन दोघांचेही सारखेच. भेद एवढाच की, मोटारीचा सांगाडा व अंग घडविण्याची विद्या पागानी यांनी स्वतःच्या हाती ठेवली. मात्र उद्या मोठ्या कंपनीस बारा सिलिंडरांचे एंजिन बनविणे नकोसे झाले, तर त्या निर्णयात या लहान कारखान्याचे मत कोणी विचारील, असे दिसत नाही.