इंजिन ऑइल उपसणारा पंप निवडताना

ऑइल एक्स्ट्रॅक्टर हा डिपस्टिकच्या नळीतून जुने इंजिन ऑइल वर ओढून घेणारा पंप. गाडी जॅकवर चढवावी लागत नाही आणि ड्रेन प्लगला हात लावावा लागत नाही.

हातपंपाच्या प्रकारात दांडा वरखाली केला की टाकीतली हवा बाहेर जाते. मग बाहेरच्या हवेचा दाब ऑइलला नळीतून टाकीत ढकलतो. १२ व्होल्टचे छोटे पंप बॅटरीवर चालतात, पण घट्ट ऑइल ओढताना तापतात. घरगुती वापरासाठी हातपंप जास्त भरवशाचा.

टाकीची क्षमता पाहावी. छोट्या कारमध्ये साधारण ३ ते ४ लिटर ऑइल असते, मोठ्या एसयूव्हीत त्याहून जास्त. म्हणून ६ लिटरची, आकडे छापलेली टाकी सोयीची. किती ऑइल निघाले, ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहता येते.

नळी डिपस्टिकच्या मार्गात सहज जाईल इतकी बारीक, उष्णता सोसणारी आणि सुटी मिळणारी हवी.

काही इंजिनांना डिपस्टिकच नसते, तर काहींत नळी तळापर्यंत पोहोचत नाही. ऑइल फिल्टर खालच्या बाजूला असेल, तर गाडीखाली जावेच लागते. अशा गाड्यांना एक्स्ट्रॅक्टरचा फायदा कमी.

ऑइल उपसण्याआधी इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन लवकर निघते. पेट्रोल मात्र या पंपाने कधीही ओढू नये, आगीचा धोका असतो.

जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. झाकणबंद डब्यात भरून ते अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावे.