भुताळी, चेटकीण आणि आधुनिक ‘विच’ : कशेळें प्रांताच्या आधारें एक विवेचन

१. इंग्रजी ‘विच’ या शब्दास मराठींत ‘चेटकीण’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे व तो कोणास खटकतहि नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोप व अमेरिका या खंडांत स्वतःस अभिमानानें ‘विच’ म्हणविणाऱ्या स्त्रीपुरुषांचा एक धर्मपंथ उदयास आला असून, त्याची माहिती मराठींत देतांना हाच शब्द योजिला जातो. उलटपक्षीं, कर्जत तालुक्यांत कशेळ्याच्या बाजारास ज्या ठाकर, कातकरी व कुणबी वस्त्यांतील लोक येतात, तशा वस्त्यांत एकाद्या बाईस ‘भुताळी’ म्हटलें गेलें तर तिचें घर, शेजार व प्रसंगीं प्राणहि धोक्यांत येतो. हे दोन अर्थ एका शब्दाखालीं घातल्यास इतिहासाचा अर्थ बिघडतो, इतकेंच नव्हे, तर जिवंत माणसांवर अन्याय होतो. यास्तव या दोन्ही कल्पनांत ‘मी कोण’ हें कोण ठरवितो आणि त्यांत शरीराचें स्थान काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

२. प्रथम साधनांविषयीं. कर्जत हा तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून या प्रदेशाची जुनी माहिती १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत न शोधतां १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत पाहावी लागते. (कुलाब्याचा रायगड जिल्हा १९८१ सालीं झाला.) दुसरें साधन म्हणजे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं शाळामास्तरांकडून प्रश्नावलीच्या द्वारें जमविलेली लोकसमजुतींची उत्तरें. जॅक्सन यांचा १९०९ सालीं वध झाल्यावर हीं उत्तरें एंथोव्हेन यांनीं संपादून कोंकणाचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध केला. खालापुराकडील चौक येथील मास्तरांचीं उत्तरेंहि त्यांत आहेत. पुढें वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ सालीं व ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रींतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० सालीं बाहेर आला. या सर्व साधनांत एक उणीव समान आहे. त्यांत मास्तर बोलतो, अंमलदार बोलतो, भगत बोलतो. पण जिच्यावर आळ येतो ती बाई बहुधा बोलत नाहीं. वाचकानें ही गोष्ट सतत ध्यानांत ठेवावी.

३. आतां शब्द पाहूं. ‘चेटूक’ हा शब्द संस्कृत ‘चेटक’, म्हणजे सेवक, याच्याशीं संबद्ध आहे. जें भूत वश होऊन चाकराप्रमाणें राबतें तें चेटूक, आणि तें बाळगणारी ती चेटकीण. ‘भुताळी’ शब्दाचाहि भाव असाच : जिच्या ताब्यांत भूत आहे ती. अर्थात् मूळ कल्पनेंत ही बाई स्वतः भूत नव्हे, तर भुताची धनीण होय. मात्र लोकव्यवहारांत हा भेद टिकत नाहीं. तिची दृष्ट, तिची सांवली, तिच्या हातचें अन्न, हीं सर्व भयाचीं स्थानें होतात, व तिचें शरीरच तिच्याविरुद्ध पुरावा ठरतें.

मेलेल्या स्त्रियांच्या भुतांचीं कोंकणांतील नांवें या दृष्टीनें बोधप्रद आहेत. बाळंतपणांत मेली ती अळवंतीण किंवा हडळ, सवाष्ण मेली ती जखीण, विधवा मेली ती लावसट. पुरुषांच्या भुतांच्या वर्गीकरणांत जात, ब्रह्मचर्य किंवा अपुरी वासना यांस महत्त्व दिसतें. स्त्रियांचें वर्गीकरण मात्र प्रसूति व सौभाग्य यांवरून झालेलें आहे. मेल्यानंतरहि स्त्रीची ओळख तिच्या शरीराच्या अवस्थेपासून सुटत नाहीं, असा याचा अर्थ आहे.

याच मालिकेंतील ‘डाकीण’ या शब्दाचा प्रवास तर अधिकच विलक्षण होय. सोळाव्या शतकांतील ‘षट्चक्रनिरूपण’ या तंत्रग्रंथांत मनुष्यदेहांतील मूलाधार चक्राची अधिष्ठात्री शक्ति डाकिनी ही आहे. वरच्या चक्रांवर राकिणी, लाकिनी, काकिनी, शाकिनी व हाकिनी आहेत. वज्रयान बौद्धांत तर डाकिनी ज्ञान देणारी मानली जाते. तीच खानदेशाकडील भिल्ल मुलखांत ‘डाकण’ होऊन मुलें खाणारी ठरली. देहांत वसणारी देवता आणि देहास ग्रासणारी बाई, हे अर्थ एकाच शब्दाचे झाले.

४. एकादी बाई भुताळी ठरते कशी? क्रम साधारणतः असा असतो. घरांत मूल आजारी पडतें, गाय दूध चोरते, किंवा लागोपाठ मृत्यु होतात. मंडळी भगताकडे जातात. भगत दिवा लावून तांदळाचे दाणे पाहतो. त्याच्या अंगांत वारें येतें. मग ‘करणी झाली आहे, अमुक दिशेची बाई आहे’ अशा सूचना निघतात. भगत पुष्कळदां नांव घेत नाहीं. नांव ऐकणारे भरतात, आणि तें बहुधा ज्या बाईस पाठीराखा नाहीं, जिच्याशीं बांधाचा वा जमिनीचा तंटा आहे, अशा बाईचें असतें.

यांत तीन शरीरें गुंतलेलीं आहेत : रोग्याचें, भगताचें व त्या बाईचें. रोग्याच्या शरीरांत दुःख आहे, पण त्यास कारण कळत नाहीं. भगताच्या शरीरांतून देव ‘मी’ म्हणून बोलतो, म्हणून त्याच्या शब्दाची जबाबदारी भगतावर येत नाहीं. तिसरें शरीर तेथें हजरहि नसतें, आणि निकाल मात्र त्याच्यावर लागतो. तथापि भगतास केवळ लबाड म्हणून सोडून देणें योग्य नव्हे. वनस्पतींचें मोठें ज्ञान याच परंपरेंत राहिलें आहे, व दर्शन शंकर यांनीं कर्जत तालुक्यांत स्थापिलेल्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनें स्थानिक आरोग्यपरंपरेच्या अभ्यासाकडे लक्ष पुरविलें, तें योग्यच होतें. मुद्दा इतकाच कीं, गूढ सामर्थ्य पुरुषाच्या ठायीं असलें तर तो जाणता, स्त्रीच्या ठायीं असल्याचा नुसता संशय आला तर ती भुताळी.

५. हाच पक्षपात शास्त्रग्रंथांच्या पातळीवरहि दिसतो. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादांत परशरीरांत चित्ताचा प्रवेश ही सिद्धि वर्णिली आहे. शंकराचार्य अमरु राजाच्या देहांत शिरले ही कथा सर्वश्रुत आहे. दुसऱ्याच्या देहांत शिरण्याचें तेंच सामर्थ्य वाडीवरील बाईस चिकटविलें कीं तो अपराध होतो.

वेदान्त्यांचा ‘अध्यास’ हा शब्द येथें, मूळ प्रयोजनाहून निराळ्या हेतूनें, उपयोगीं पडण्याजोगा आहे. एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादणें म्हणजे अध्यास. दोरीवर साप भासतो तसा. भुताळीपण हा समाजानें केलेला अध्यास होय. फरक असा कीं, दिवा आणल्यावर दोरीवरील साप नाहींसा होतो. येथें दिवा भगताच्याच हातीं असतो. याच्या उलट सांख्यांचा ‘अभिमान’ : ‘हें मी, हें माझें’ असें स्वतः म्हणणें. आधुनिक ‘विच’ची ओळख या दुसऱ्या प्रकारची आहे.

६. इंग्लंडांत १७३५ च्या कायद्यानें चेटुकाबद्दलचे खटले बंद होऊन चेटूक येत असल्याचें सोंग करणें तेवढें दंडनीय राहिलें. तो कायदा १९५१ सालीं रद्द झाला, आणि १९५४ सालीं मलायांतील निवृत्त जकात अंमलदार जेराल्ड गार्डनर यांचा ‘विचक्राफ्ट टुडे’ हा ग्रंथ निघाला. चेटकिणी म्हणजे एका प्राचीन धर्माच्या उपासक, हें मार्गारेट मरे यांचें १९२१ चें मत त्यांनीं आधारास घेतलें. तें मत इतिहासकारांनीं पुढें त्याज्य ठरविलें; रोनाल्ड हटन यांनीं १९९९ सालीं या पंथाचा उगम अर्वाचीन असल्याचें साधार दाखविलें. पण उगम अर्वाचीन म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाहीं. १९७९ सालीं स्टारहॉक या अमेरिकन लेखिकेनें देवता सृष्टींत व स्वतःच्या देहांतच वसते, असें प्रतिपादिलें. आपल्याकडे कलकत्त्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनीं हें नांव उघडपणें धारण केलें. या साधकांत शरीर हें पूजेचें स्थान आहे, आणि नांव प्रथम पुरुषांत उच्चारलेलें आहे : ‘मी आहे’. भुताळीचें नांव नेहमीं तृतीय पुरुषांत असतें : ‘ती आहे’.

क्वचित् आरोपित बाई कबुली देते, तेव्हां ‘मी आहे’ असेंच म्हणते, ही शंका कोणी काढील. तिचें उत्तर इटलींतील फ्रिउली प्रांताच्या कागदपत्रांत आहे. कार्लो गिन्झबुर्ग यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, तेथील कांहीं शेतकरी आपण रात्रीं देहाबाहेर पडून पिकाच्या रक्षणार्थ चेटक्यांशीं लढतों असें १५७५ च्या सुमारास सांगत. धर्मन्यायाधीशांच्या सुमारें सात दशकांच्या उलटतपासणीनें तेच लोक आपण चेटके आहों असें कबूल करूं लागले. म्हणून दडपणाखालीं निघालेला प्रथम पुरुष हा तृतीय पुरुषच समजावा.

७. कायद्याचा इतिहासहि हेंच सांगतो. पेशवाईंत भूत घातल्याचे आरोप सरकारांत चालत. त्या कागदांवर नरेंद्र वागळे यांचा १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला निबंध पाहण्यासारखा आहे. १८६० च्या दंडसंहितेंत चेटूक हा गुन्हाच राहिला नाहीं. मारहाण वा खून घडल्यावर मात्र सरकार जागें होई. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजीं झालेल्या खुनानंतर प्रथम वटहुकूम व डिसेंबरांत कायदा झाला. करणी करते, जनावरांचें दूध आटविते, रोगराई आणते असें सांगून कोणाचें जिणें कठीण करणें हा त्यानें अपराध ठरविला; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत व दंड ५,००० ते ५०,००० रुपये. बाई भुताळी आहे कीं नाहीं हा प्रश्न या कायद्यानें बाजूस ठेविला, आणि तिला तसें म्हणणारास प्रश्न विचारला. आमच्या मतें हाच खरा पालट होय.

यावरून लेखकांस आमची सूचना अशी कीं, आधुनिक पंथीयांस ‘विच’ असेंच म्हणावें. ‘भुताळी’ व ‘चेटकीण’ हे शब्द आरोप म्हणूनच लिहावे, वर्णन म्हणून नव्हे. ‘अमुक बाई भुताळी होती’ असें न लिहितां ‘अमुक बाईस भुताळी म्हणत’ असें लिहावें, व कोण म्हणत आणि कां, हेंहि नोंदवावें. कर्जत प्रांतांत आज मुंबई-पुण्याच्या लोकांचीं शेतघरें व ध्यानयोगाचीं शिबिरें झालीं आहेत; तेथें शहरांतील पाहुणीनें सहज घेतलेलें नांव शेजारच्या वाडीवर कोणा म्हातारीच्या माथीं आळ म्हणून बसूं शकतें. त्या म्हातारीची बाजू आजवर कोणत्याहि दप्तरांत नीट उतरलेली नाहीं. ती उतरवून घेणें, तिचें नांव गुप्त राखून, हें या प्रदेशाच्या इतिहासाचें शिल्लक राहिलेलें काम आहे.