पुढच्या वाचकाच्या पत्त्यावर

मुखपृष्ठ उलटलं की आतल्या बाजूला एक लेबल दिसतं. हे पुस्तक हरवलेलं नाही, प्रवासाला निघालंय. वाचा आणि पुढे जाऊ द्या, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो आणि सोबत एक क्रमांक. त्या पुस्तकाच्या लाखो प्रती जगात असतील, पण हा क्रमांक या एकाच प्रतीचा. प्रत कुणी पाठवली, कुणाला कधी पोचली, वाचून काय वाटलं, पुढे कुठे रवाना झाली, हे सगळं संकेतस्थळावर त्या क्रमांकाखाली नोंदलेलं असतं. ‘बुकक्रॉसिंग’ या वाचकांच्या चळवळीची ही पद्धत. तिच्यातला सगळ्यात शिस्तीचा प्रकार म्हणजे ‘बुकरिंग’: प्रत एक, वाचणारे अनेक आणि त्यांना जोडणारं टपालखातं. गार्थ स्टाइन यांची ‘द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन’ ही कुत्र्याच्या तोंडून सांगितलेली कादंबरी अशीच हातोहात फिरली. ही व्यवस्था कशावर चालते आणि कशाने मोडते, हे तिच्या निमित्ताने नीट समजून घेता येतं.

बुकक्रॉसिंगची कल्पना अमेरिकेतल्या रॉन हॉर्नबेकर यांना मार्च 2001 मध्ये सुचली आणि एप्रिलमध्ये ती प्रत्यक्षात आली. त्या काळात अमेरिकेत लोक डॉलरच्या नोटांचे क्रमांक नोंदवून ती नोट कुठे कुठे फिरली याचा माग काढत असत. नोटेचा माग लागतो, तर पुस्तकाचा का लागू नये, असा हा विचार. वाचा, नोंदवा, सोडून द्या, ही त्रिसूत्री. सोडून द्यायचं म्हणजे बागेतल्या बाकावर, कॉफीच्या दुकानात, रेल्वेस्थानकावर मुद्दाम ठेवून यायचं. ज्याला सापडेल त्याने क्रमांक पाहून कळवायचं. 2004 मध्ये ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ शब्दकोशाने ‘बुकक्रॉसिंग’ हा शब्द आपल्यात घेतला. पुढे नोंदलेल्या पुस्तकांची संख्या एक कोटीच्या वर गेली.

बाकावर ठेवलेल्या पुस्तकाचं पुढे काय होईल, हे मात्र नशिबावर असतं. बऱ्याच पुस्तकांची खबर पुन्हा कधी येतच नाही. त्यामुळे नेमकं पुस्तक नेमक्या वाचकांपर्यंत पोचावं असं वाटणाऱ्यांनी टपालाचा रस्ता धरला.

त्याची रीत साधी आहे. पुस्तकाचा मालक जाहीर करतो की ही प्रत मी फिरवायला काढतोय. ज्यांना वाचायची असेल ते नाव देतात आणि आपण पार्सल कुठपर्यंत पाठवू शकतो तेही सांगतात: फक्त स्वतःच्या देशात, आपल्या खंडात की जगात कुठेही. त्यावरून मालक क्रम लावतो. यात खरं कौशल्य लागतं. जवळजवळचे पत्ते एकापाठोपाठ आले, तर खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. चुकीचा क्रम लागला की पुस्तक समुद्र ओलांडून जातं आणि पुन्हा त्याच किनाऱ्यावर येतं. पुस्तक मिळालं की पोच द्यायची. साधारण महिन्याभरात वाचून संपवायचं. संपत आलं की पुढच्या वाचकाला खासगीत पत्ता विचारायचा, आपला अभिप्राय नोंदवायचा आणि स्वतःच्या खर्चाने पुस्तक पाठवायचं. घरात आजारपण असेल, परीक्षा असेल, तर आपलं नाव मागे ढकलायला सांगायचं. शेवटचा वाचक पुस्तक मालकाकडे परत पाठवतो, तेव्हा कडं पूर्ण होतं. परत यायचं नसेल, तर त्या प्रकाराला ‘बुकरे’ म्हणतात. पुस्तक सुटलेल्या किरणासारखं पुढेच जात राहतं.

या सगळ्यात अनामत नाही, दंड नाही, ग्रंथपालाची सही नाही. पुस्तक ठेवून घेतलं तरी कुणी दाराशी येणार नाही. तरीही माणसं पाकीट बांधून पोस्टात जातात. आपल्या मागे कुणीतरी वाट पाहतंय, एवढी जाणीव त्यांना पुरते. ग्रंथालयातलं पुस्तक मुदत संपते म्हणून परत जातं. इथे ते पुढच्या माणसाच्या ओढीने जातं. वाचनाचा वेगही त्याने बदलतो. विकत घेतलेलं पुस्तक उशाशी वर्षभर पडून राहिलं तरी चालतं, रिंगमधलं नाही.

स्टाइन यांची कादंबरी मे 2008 मध्ये आली. निवेदक एन्झो हा कुत्रा. नाव फेरारीच्या संस्थापकावरून ठेवलेलं. त्याचा मालक डेनी स्विफ्ट सिएटलमध्ये राहतो, मोटारींच्या शर्यतीत उतरतो आणि पावसातल्या ओल्या ट्रॅकवर गाडी चालवण्यात त्याचा हातखंडा असतो. कादंबरी उघडते तेव्हा एन्झो म्हातारा झालाय. पाय साथ देत नाहीत, स्वतःच्याच मुताच्या थारोळ्यात तो स्वयंपाकघरात पडलाय आणि डेनी कामावरून परत यायची वाट पाहतोय. तिथून तो सगळं आयुष्य आठवतो: डेनीची पत्नी ईव्ह, लहानगी झोई, ईव्हचा मेंदूचा कर्करोग, तिच्या मृत्यूनंतर झोईच्या ताब्यासाठी तिच्या आजी-आजोबांनी लढवलेला खटला. एन्झोला सगळं कळतं. ईव्हच्या आजाराचा वास तर त्याला डॉक्टरांच्याही आधी येतो. पण जीभ शब्दाला वळत नाही आणि पंजाला अंगठा नाही. घरावर काय येऊ घातलंय हे माहीत असून सांगता न येणं, हे या कादंबरीचं खरं दुःख आहे.

तिचा उगमही सांगण्यासारखा आहे. स्टाइन मूळचे माहितीपटांच्या क्षेत्रातले. ‘स्टेट ऑफ डॉग्ज’ या 1998 च्या मंगोलियातल्या माहितीपटामुळे त्यांना एक लोकसमजूत कळली: कुत्र्याचा पुढचा जन्म माणसाचा असतो. काही वर्षांनी कवी बिली कॉलिन्स यांना एका कुत्र्याच्या तोंडची ‘द रेव्हनंट’ ही कविता वाचताना त्यांनी ऐकलं आणि निवेदक सापडला. स्टाइन स्वतःही हौशी शर्यतींमध्ये गाडी चालवत होते. त्यामुळे ट्रॅकचे तपशील ऐकीव वाटत नाहीत. कुत्रा गोष्ट सांगतोय म्हणून त्यांच्या तेव्हाच्या एजंटाने हस्तलिखित नाकारलं. दुसरा एजंट मिळाला आणि पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत दीर्घकाळ राहिलं. 2019 मध्ये चित्रपट आला, त्यात एन्झोला केव्हिन कॉस्नर यांचा आवाज आहे. मराठी वाचकाला यातली पुनर्जन्माची कल्पना परकी वाटणार नाही, कुत्र्याशी असलेलं नातंही नाही. कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देणारा युधिष्ठिर आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

अशी कादंबरी साखळीत चांगली फिरते, त्याला कारण आहे. ती संपल्यावर माणसाला बोलावंसं वाटतं, आणि बहुतेकांना स्वतःच्या घरातल्या कुत्र्याबद्दलच बोलायचं असतं. शेवटच्या दिवसांत त्याने कसं पाहिलं, आपण पशुवैद्याकडे जायला उशीर तर केला नाही ना, हे शेजाऱ्याला सांगायला जड जातं. हीच प्रत हातात धरून रडलेल्या अनोळखी वाचकाला सांगणं सोपं असतं. पुस्तकाच्या कण्यावर पडलेल्या घड्या, एखाद्या पानाचा दुमडलेला कोपरा, मागच्याने ठेवलेली वाचनखूण, हे सगळं आधीच्या हातांची ओळख देतं. नवीकोरी प्रत हे देऊ शकत नाही.

या सगळ्या जिव्हाळ्याखाली मात्र एक रोकडा हिशोब आहे, तो टपालहाशिलाचा. अमेरिकेत पुस्तकांसाठी वेगळा स्वस्त दर आहे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1938 मध्ये तो पौंडाला दीड सेंट असा जाहीर केला. अंतर कितीही असो, दर तोच. आज त्याला ‘मीडिया मेल’ म्हणतात आणि अंतर न मोजण्याचं तत्त्व टिकून आहे. अटी कडक आहेत. पार्सल हळू जातं, पोस्टाला ते उघडून तपासता येतं, आत खासगी पत्र घालता येत नाही. मनातलं सगळं प्रतीच्या क्रमांकाखालच्या नोंदीतच उतरवावं लागतं. जर्मनीतही पुस्तकांसाठी असाच सवलतीचा दर होता. पोस्टाला आत पाहता यावं म्हणून 2019 पर्यंत ते पाकीट चिकटवायचं नाही, नुसत्या चिमट्याने बंद करायचं, असा नियम होता.

हा आधार गेला की काय होतं, ते 2007 मध्ये दिसलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या टपालखात्याने परदेशी जाणारं जहाजी टपाल बंद केलं. पुस्तक विमानानेच पाठवायचं म्हटल्यावर एका टप्प्याचा खर्च जुन्या प्रतीच्या किमतीहून जास्त होऊ लागला. विश्वास होता तेवढाच राहिला, पण समुद्रापार पाठवायची तयारी दाखवणं सामान्य वाचकाला जड जाऊ लागलं.

स्वस्त टपालाचा आधार आपल्याही ओळखीचा आहे. एका बाजूने उघडं ठेवलेलं, कोपऱ्यात ‘बुकपोस्ट’ लिहिलेलं पाकीट मराठी घरांत वर्षानुवर्षं येत होतं. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, अनियतकालिकं, संस्थांची वार्तापत्रं त्याच आधारावर खेडोपाडी गेली. डिसेंबर 2024 मध्ये नोंदणीकृत बुकपोस्टची सेवा अचानक बंद झाली आणि प्रकाशकांसह वाचकांनीही आवाज उठवला. 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर, पार्सलचा मागही काढता येतो.

पुस्तक फिरवण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात 1910 नंतर फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. 25 पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये अदलाबदल होत महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. तिथे पेटी फिरते आणि गट आपापल्या गावात असतो. बुकरिंगमध्ये एकच पुस्तक फिरतं आणि प्रत्येक वाचक वेगळ्या गावात असू शकतो.

सोलापूर, पणजी, इंदूर, बडोदा आणि बेळगाव अशा पाच गावांतल्या पाच मित्रांमध्ये एक मराठी कादंबरी फिरवायची, तर प्रत्येकाच्या वाट्याला एका पार्सलाचा खर्च आणि एक महिना येतो. पुस्तकासोबत अभिप्रायांची वही पाठवायची नाही, कारण हाताने लिहिलेला मजकूर ज्ञान पोस्टच्या दरात बसणार नाही. अभिप्राय वेगळ्या पोस्टकार्डावर लिहून सगळ्यांना कळवायचे. एवढ्या सामग्रीत साखळी उभी राहते. तिचा आधार असलेला पुस्तकांचा स्वस्त टपालदर ही सरकारने प्रकाशकांवर केलेली मेहरबानी नाही. दुकान नसलेल्या गावातल्या वाचकाचा तो हक्क आहे, आणि वापरात असलेला हक्क काढून घेणं कुणालाही अवघड जातं. म्हणून आवडलेलं पुस्तक कपाटातून काढावं, पुढच्या वाचकाचा पत्ता मागवावा आणि पोस्टाच्या खिडकीवर जाऊन ज्ञान पोस्टचा दर विचारावा.